एकशिंगी मोत्या आणि माझा डावा गाल

मी आयुष्यभर बैलांची तोंडं उघडून पोट भरलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, पण माझं नाव थेट अकोल्याकडच्या बैलबाजारांपर्यंत. कोणालाही विचारा, वासुदेव दलाल कोण? बैलाच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालायची, अंगठ्याने ओठ वर करायचा आणि सांगून टाकायचं: आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे, की सगळे दात येऊन जुळला आहे. मालक देवाच्या शपथा घेत असला तरी शेवटी वय ठरायचं ते माझ्या शब्दावर. याचा मला गर्व आहे. आजारपणाने माझं बरंच काही नेलं, पण एवढा गर्व मी त्याला नेऊ दिला नाही.

गंमत अशी की अख्ख्या वऱ्हाडाच्या बैलांची तोंडं पाहणाऱ्या या माणसाने स्वतःचं तोंड आरशापुढे उघडून एकदाही पाहिलं नव्हतं. मिशी मात्र रोज पाहत होतो.

आता माझ्या डाव्या गालाला खड्डा आहे आणि मिशी एका बाजूला तिरपी झाली आहे. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटते. बोलणं घसरतं म्हणून लिहून काढतो आहे. लिहिण्यात तरी माझा ‘प’ शाबूत आहे.

खर्रा आणि रुमाल

आमच्या भागात खर्रा काय आहे ते सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात टाकून पानटपरीवर घोटून देतात. चिमूटभर गालात धरायचा आणि कामाला लागायचं. बैलबाजारात तर त्याच्याशिवाय पानही हलत नाही. सौदा सुरू करताना खर्रा, सौदा तुटला तर खर्रा, जुळला तर मोठी चिमूट.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, विहिरी आटल्या होत्या. बाजारात विकायला आलेल्या जोड्या जास्त आणि घेणारे कमी. घरच्या कोठ्यात वाढवलेल्या बैलाचं दावं दुसऱ्याच्या हातात देताना माणसं बोलत नसत. खिशातून खर्रा काढून पुढे करत. मीही घ्यायचो. त्या माणसाला नाही कसं म्हणणार? ‘घे दादा’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावत नसे, म्हणून त्याच्या चिमटीकडे पाहायचो. अशा किती चिमटी डाव्या गालात साठल्या त्याचा हिशेब कोणाजवळ नाही.

आता रुमालाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रुमालाखालीच घडलं. बैलाचा भाव आम्ही तोंडाने बोलत नाही. दोन माणसं हात मिळवतात, वरून दुपट्टा नाहीतर रुमाल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. चारचौघांत काहीच ऐकू येत नाही. नुसत्या दोघांच्या माना हलताना दिसतात.

माझा भागीदार रज्जाकभाई. नांदगावचा. त्याच्या वडिलांनी आणि माझ्या वडिलांनीही बरोबरच बाजार केले होते. आम्हा दोघांची एक खूण होती, ती बाजारात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. रुमालाखाली समोरच्याच्या तळहातात अंगठा रुतवला, की समजायचं, जनावरात खोड आहे, मागे हो. आमच्यात त्या अंगठ्याला कधी प्रश्न विचारला जात नसे.

तुरटीचं पाणी

पहिल्यांदा जळजळ सुरू झाली ती ठेचा खाताना. मला वाटलं मिरची तिखट निघाली. मग साधं वरणही झोंबायला लागलं. एकदा गुळणी करताना गालाच्या आत खरखरीत लागलं, जिभेने चाचपलं तर पापडासारखा कडक चट्टा.

इथे मी जे केलं ते आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे. बैलांना खुरकूत आली की तोंडात फोड येतात. त्यावर आम्ही तुरटीच्या पाण्याने तोंड धुतो आणि वरून हळद चोळतो. मी तेच सुरू केलं. कोठ्यामागे जाऊन रोज तुरटीच्या पाण्याच्या चुळा! जे पाणी मोत्याला, तेच मला. मोत्या म्हणजे आमच्या घरचा बैल. त्याची गोष्ट पुढे येईल.

दुसरं म्हणजे मी लपवलं. लंगडा बैल विकायला आणणारे त्याला भिंतीच्या कडेला उभा करतात आणि चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे ठेवतात. मी लोकांशी बोलताना उजवा गाल पुढे करून उभा राहायला लागलो. बायको जेवायला वाढताना मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. तिने एकदा विचारलं, “काहो, आजकाल भिंतीसोबत जेवता का तुमी?” मी हसलो. हसतानाही तोंड पुरतं उघडलं नाही.

दवाखान्यात का नाही गेलो? आमच्याकडे बाई दवाखान्यात जाते ती बाळंतपणाला तरी, लेकराच्या इंजेक्शनला तरी. पुरुष जातो तो चार जणांनी खाटेवर नेला तरच. धडधाकट पायांनी चालत दवाखान्यात गेलेला पुरुष मी पाहिलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

बाजारात माझंच तोंड

पकडलं ते रज्जाकने. बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही कढी-भजे खायचो, सोबत तळलेल्या मिरच्या. त्या दिवशी मी केळी घेतली. मागच्या बाजारालाही केळीच घेतली होती.

“काहून बे, भजे सोडले?” त्याने विचारलं.

“पोट बरं नाई.”

तो खाता खाता थांबला. “वासू, जो बैल चारा सोडते, त्याचं पयले काय पाहाचं?”

“तोंड.”

“कोनाचा शबद हाये हा?”

“माझाच.”

“मंग उघड.”

मी उठायला गेलो, तर या बहाद्दराने माझा जबडा धरला! भर बाजारात, बैलाचा धरतात तसा. लोक हसायला लागले. तो मला ओढत कडुलिंबामागे घेऊन गेला आणि अंगठ्याने ओठ बाजूला केला. माझं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. त्याने मान वाकडी करून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.  माझा हात हातात घेतला, खांद्यावरचा रुमाल वर टाकला आणि माझ्या तळहातात अंगठा रुतवला.

आतापर्यंत हा अंगठा मी कैक बैलांसाठी ओळखला होता. त्या दिवशी तो माझ्यासाठी होता. मी तिथेच बुंध्याशी बसलो.

“उद्या अमरावती,” तो म्हणाला. “मी येतो सोबत. भाभीले मी सांगतो, तुह्यानं नाई होनार.”

“बैल कामाचा राहील का?”

अमरावतीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं, आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. ते दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. कुसुम, माझी बायको, भांडीसुद्धा हळू ठेवायची.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मॅडमनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“काका, कॅन्सर आहे. पण लहान आहे, गालापुरता आहे. गाठ मानेत उतरलेली दिसत नाही. अकोल्याला जाऊन लवकर ऑपरेशन केलं तर यातून निघाल.”

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणसाच्या डोक्यात काय येतं? माझ्या डोक्यात बाजार आला. दलालाचं सारं भांडवल त्याची जीभ. मी विचारलं, “मॅडम, बैल कामाचा राहील का?”

त्यांना क्षणभर कळेना. रज्जाकने सांगितलं, “यांचा धंदा तोंडाचा हाये मॅडम. दलाल हायेत.”

“बोलाल काका,” त्या म्हणाल्या. “थोडं वेगळं बोलाल, पण बोलाल. आणखी वर्षभर चुळा भरत बसला असतात तर मी हे म्हणू शकले नसते.” मग त्या रज्जाककडे वळल्या. “तुम्हीही खाता ना? उघडा बघू तोंड.”

रज्जाक हसला. “मले काय झालं? मी तं बैल घेऊन आलो, मॅडम.” आणि तो चहा आणायला बाहेर गेला.

परतीच्या बसमध्ये कुसुम खिडकीकडे तोंड करून बसली होती. बडनेऱ्यानंतर ती एकदम म्हणाली, “बैलाले शिंक आली तं डॉक्टरले बोलावता. अन् स्वताचं तोंड नासेपावतर गप बसता. माहं काय होईन, याचा विचार आला होता का एखांद्यावक्ती?” तिचा आवाज सगळ्या बसने ऐकला.  तिने डबा उघडला, भाकर दुधात कुस्करली, अगदी बारीक केली आणि माझ्यापुढे धरली. राग तसाच होता. वाटीही तशीच धरलेली होती.

एक शिंग

घरी दुसरं युद्ध. माझे मोठे भाऊ म्हणाले, “चाकू लागला का हे पसरते. फलान्याचं पाह्य, कापलं अन् गेला. झाडपाल्याचं औषध आहे एक.” भाऊबंद जमले, सगळ्यांचं तेच. मोठ्या भावापुढे मी कधी बोललो नव्हतो. वडिलांनंतर त्यांनीच मला वाढवलं.

मी उठलो आणि कोठ्यात गेलो. तिथे मोत्या उभा होता, एका शिंगाचा.

मोत्याला शिंगाचा कॅन्सर झाला होता. बैलांना तो होतो. आधी शिंग एका बाजूला कलतं, बैल डोकं खाली धरतो, झटकतो. बहुतेक जण शिंग गळून पडून त्यातून घाण येईपर्यंत वाट पाहतात आणि मग बैल जातो. मी कललेलं शिंग पाहिल्याबरोबर जनावरांच्या डॉक्टरला आणलं होतं. शिंग मुळापासून काढलं. तेव्हा गाव हसलं होतं. म्हणे, वासुदेवाने बैलाचा गेंडा केला. त्यानंतर मोत्या पाच पेरण्या जुवाखाली चालला आणि अजूनही औतावर त्याच्यापुढे कोणी जात नव्हता.

मी त्याला दाव्यासकट अंगणात आणून भावापुढे उभा केला.

“दादा, याले चाकू लावला तवा तुमी काय म्हनलं होतं?”

“तेच म्हनलं होतं,” भाऊ म्हणाले.

“अन् गेल्या वर्षी तुमची पेरणी कोनाच्या खांद्यावर झाली?”

दादांनी मोत्याकडे पाहिलं. मग उठून त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, “कवा जाचं अकोल्याले?”

आयुष्यात मी पुष्कळ सौदे जुळवले. त्यातला सगळ्यात मोठा हाच.

अकोल्यातली खाट

ऑपरेशनचं मी काही सांगत नाही. मी झोपलो होतो, सांगायचं ते कुसुमने सांगावं. तिने ती सकाळ दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढली. जाग आली तेव्हा गाल, मान सगळं बांधलेलं, नाकात नळी आणि आवाज नाही. बाजार गाजवणारा माणूस, आणि पाणी मागायला भिंतीवर टिचक्या मारत होता.

दवाखान्याचा दिवस वेगळाच असतो. पहाटे फरशी पुसल्याचा वास, मग पट्टी, मग नळीतून डाळीचं पाणी, मग राऊंड. नर्सबाई विचारायच्या, “काका, किती दुखतंय? एक ते दहात सांगा.” मी बोटं दाखवायचो. पण दुखणं मोकळ्या हातावर मोजून दाखवायची मला लाज वाटायची. दुखलं तरी तीनच दाखवायचो.

मग रज्जाक यायचा. एसटीने नांदगावहून अमरावती, तिथून अकोला. स्टुलावर बसायचा, माझा हात धरायचा आणि वरून रुमाल टाकायचा. तिथे मात्र मी खरं सांगायचो. पूर्ण पंजा आणि वर आणखी. तो मान हलवायचा आणि नर्सबाईंना जाऊन खरा आकडा सांगायचा. वॉर्डातले लोक विचारायचे, हे दोघं काय करतात? कुसुम म्हणायची, “बैल इकून राहिले.” मी त्या नळीसकट हसायचो आणि टाके ताणले जायचे.

शेजारच्या खाटेवर धारणीकडचा एक माणूस होता. वयाने माझ्याहून लहान. त्याच्या गावातून आधी जीप, मग बस, आणि तीही आली तर. चमचा जाईना इतकं तोंड मिटल्यावर तो आला होता. त्याला नुसता परत पाठवला. जाताना त्याने माझ्या पट्टीकडे बोट केलं आणि मान हलवली, म्हणजे, तुझं बरं झालं. त्याच्या डोळ्यांत हेवा नव्हता. ते पाहून मला रात्रभर रडू येत राहिलं. तोही चालत येऊ शकला असता, सहा महिने आधी. त्याला कोणी जबडा धरून कडुलिंबामागे नेलं नव्हतं, एवढाच आमच्यात फरक.

दुसऱ्या दिवशी रज्जाक आला. स्टुलावर बसला, सवयीने खिशाकडे हात गेला, आणि मला खर्र्याची पुडी दिसली. त्याने रुमाल टाकला, बोटं पुढे केली. आज किती?

मी आकडा दिला नाही. त्याच्या तळहातात अंगठा रुतवला.

त्याने हात झटक्यात काढून घेतला. रुमाल खाली पडला. “अबे, मी तुह्यासाठी येऊन राहिलो, अन् तू माह्यावर खोड काढतं?” मला बोलता येत नव्हतं. मी त्याच्या गालाकडे बोट केलं. तो उठला. “मले काई नाई झालं,” म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर तो आला नाही. सुट्टी झाली त्या दिवशीही नाही. दुखण्याचा खरा आकडा सांगायला आता कोणी नव्हतं. मी ओळखलं, तो रागावलेला नाही, भ्यालेला आहे. कडुलिंबामागे मला जे वाटलं होतं तेच त्याला वाटत होतं. फरक इतकाच की त्याला कोणी बसायला बुंधा दिला नव्हता.

आवतण

घरी आल्यावर मी बोलायला शिकलो. कुसुम भाकर थापता थापता माझ्याकडून शब्द म्हणवून घ्यायची. पाणी, फणी, पराटी, बापू. ‘पराटी’, म्हणजे आमची कपाशी, पहिल्यांदा नीट आली तेव्हा तिने चुलीवरची भाकर करपू दिली. आम्ही ती करपलेली भाकर मिटक्या मारत खाल्ली.

आणि मी एक ठरवलं. माझी वाकडी बाजू आता भिंतीकडे करणार नाही. बाजारात मधोमध उभा राहायला लागलो, डावा गाल पुढे. लोक विचारायचे, मी सांगायचो. घसरत्या बोलीत, पण सांगायचो.

“बैलाचं वय दातावरून, तसं मानसाचं तपासणं वयावरून,” मी म्हणायचो. “दोनदाती पोट्टेहो, लगन नाई झालं तुमचं, पन गालात खर्रा हाये. आरशापुढं तोंड उघडा, तीन बोटं जातात का पाहा. चारदाती झाले, लेकरंबाळं झाले, तं वर्साले एकदा बीपी पाहा, शुगर पाहा. ते दुखत नाई, म्हनूनच पाहा. अन् आमच्यासारखे जुळेल बैल! लघवीले रात्री चारदा उठता अन् म्हातारपन म्हनता. लाजू नका, डॉक्टरले सांगा. डोळे पाहून घ्या.” लोक हसायचे. हसू द्यावं. हसताना माणूस तोंड उघडतो, आणि मी आत पाहून घेत असे.

अमरावतीच्या त्या डॉक्टर मॅडमना मी विचारलं, आमच्या गावात याल का? त्या म्हणाल्या, “येईन, पण पुरुष येतील का? आम्ही शिबिरं घेतो, बायका येतात. पुरुष पारावर बसून पाहतात.”

तेव्हा मला पोळा आठवला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे शेकतो. पळसाच्या पानाने लोणी-हळद चोळायची आणि बैलाला आवतण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला त्या एका संध्याकाळी मान असतो. मी म्हटलं, जुवाखाली काय एकटे बैल असतात? आणि मॅडमना पोळ्यानंतरचा रविवार सांगून टाकला.

त्या संध्याकाळी मोत्याचे खांदे शेकून झाल्यावर मी हळद-लोण्याची वाटी घेऊन निघालो. सोबत कुसुम होती. घरोघर गेलो. बैलाला लावून झालं की त्याच्या मालकाच्या खांद्यावरही बोट टेकवायचो आणि म्हणायचो, “आज आवतन घ्या, रविवारी तपासाले या.” आधी लोक चाट पडले. मग एकेका घरातून बायका हसत बाहेर यायला लागल्या. “आमच्याईले लावा भाऊ, दोनी खांद्याले लावा.” पोळ्याचं आवतण घेतलं की मोडायचं नसतं. बैलसुद्धा मोडत नाही. माझ्या दादांनी तर स्वतः सदरा बाजूला करून खांदा पुढे केला.

शेवटच्या घरून परतलो तर आमच्या अंगणात रज्जाक उभा होता. दरवर्षी पोळ्याला तो आमच्याकडे येतो, मोत्याची जोडी त्यानेच जमवून दिलेली. हातात मोत्यासाठी नवी झूल होती. पांढराशुभ्र कुडता. तो मोत्याशी बोलत होता, माझ्याशी नाही. “काय बेटा, एका शिंगाले बेगड लावनार का दोनीचं एकाच शिंगाले?”

मी वाटीत हात बुडवला आणि त्याच्या कुडत्यावर, खांद्यावर, पूर्ण पंजा उमटवला.

“अबे! नवा कुडता हाये!”

“आज आवतन घ्या,” मी म्हटलं. ‘आवतन’ला अडचण नव्हती. पुढच्या शब्दासाठी मी थांबलो, ओठ दाबले आणि तो शब्द नीट काढला. “तपासाले या.”

माझा ‘प’ ऐकून त्याचा चेहरा बदलला. दवाखान्यात त्याने मला मुका सोडला होता.

“मले बैल बनवलं तू,” तो म्हणाला.

“कोनाले नाई बनवलं? दोघंबी बैलच हावो आपन.”

त्याने झूल मोत्याच्या पाठीवर टाकली, नीट बांधली आणि बराच वेळ गाठच मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. माझ्याइतका ताठ त्या ओळीत कोणी उभा नव्हता. एका शिंगाला बेगड लावलेला मोत्या आणि खड्डा पडलेल्या गालाचा मी! दोघांनीही वेळेवर आपला तुकडा देऊन टाकला होता आणि दोघेही उभे होतो. अभिमानाने माझी छाती भरून आली, इथे ते लिहायला मला लाज वाटत नाही.

रविवार

शाळेच्या खोलीत मॅडम आणि त्यांच्या सोबतचे दोघे बसले. गावचा पार रिकामा आणि शाळेपुढे रांग. गावाने असं दृश्य पाहिलं नव्हतं. आपल्या पायांनी चालत आलेले पुरुष! दादांचं बीपी निघालं, एका तरण्या पोराला शुगर निघाली, दोघांच्या गालात चट्टे निघाले आणि बाकीचे हसत बाहेर आले. मी दाराशी उभा राहून प्रत्येकाची पाठ थोपटत होतो. डोळा मात्र रस्त्यावर होता.

रांग संपत आली तेव्हा रज्जाक आला. तोच कुडता, खांद्यावर हळदीचा पिवळा पंजा. धुतलेला नव्हता. माझ्याकडे न पाहता तो आत गेला.

आत बराच वेळ लागला. मी व्हरांड्याचा खांब धरून उभा होतो. माझ्या निकालाच्या दिवशीही मी इतका भ्यालो नव्हतो. कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं की पुढे काय असतं.

तो बाहेर आला. चेहऱ्यावर काही दिसेना. तीस वर्षं दलाली केलेला माणूस, चेहऱ्यावर काय दिसणार? आजूबाजूला लोक होते. त्याने माझा हात धरला, रुमाल वर टाकला.

मी तळहात मोकळा सोडला आणि अंगठ्याची वाट पाहिली.

अंगठा आला नाही. त्याने माझ्या हातात काहीतरी ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. ती खर्र्याची पुडी होती, न उघडलेली. मग रुमालाखालीच, सौदा जुळल्यावर धरतात तसा, त्याने माझा पंजा घट्ट धरला.

“चट्टा हाये,” तो हळूच म्हणाला. “लहान हाये. हे सोडलं तं जाईन म्हनते. सुटन का बे, वासू?”

मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पक्का!”

‘प’ अगदी स्वच्छ निघाला.